वायफायचा पासवर्ड कोणाकोणाकडे आहे?

(पुण्यातील एका स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



पुण्याचं बिनतारी संदेशवहनाशी नातं जुनं आहे. १९२७ साली भारत आणि इंग्लंड यांच्यात मार्कोनीच्या बीम पद्धतीची बिनतारी सेवा सुरू झाली. तेव्हा इथून संदेश पाठवणारं केंद्र होतं खडकीला आणि तिकडून आलेले संदेश झेलणारं केंद्र दौंडला. बीम म्हणजे झोत. लहरी चहूकडे उधळण्याऐवजी एका दिशेला सोडायच्या, ही त्यातली युक्ती. पण तो झोतही वाटेत पसरतोच आणि त्याच्या मार्गात योग्य यंत्र घेऊन बसलेल्या कोणालाही तो पकडता येतो. तारेवरचा संदेश चोरायचा तर निदान तारेपर्यंत पोचावं लागतं. हवेतल्या संदेशाला तेवढंही संरक्षण नसतं.

ही गोष्ट जगाला त्याआधीच, १९०३ च्या जून महिन्यात, अशाच एका जाहीर व्याख्यानात कळली होती. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये प्राध्यापक फ्लेमिंग मार्कोनीच्या बिनतारी यंत्राचं प्रात्यक्षिक दाखवत होते. कॉर्नवॉलमधल्या पोल्डूहून मार्कोनीचा संदेश यायचा होता. आपली यंत्रं विशिष्ट लहरीवर जुळवलेली असल्यामुळे त्यात दुसऱ्याला ढवळाढवळ करता येणार नाही, असा मार्कोनीचा दावा होता. प्रात्यक्षिकाची वेळ जवळ आली आणि यंत्र टकटक करू लागलं. आला तो मात्र ‘रॅट्स’ हा एकच शब्द, पुन्हा पुन्हा, आणि पाठोपाठ मार्कोनीची टिंगल करणारं एक कवन. जवळच्याच एका नाट्यगृहातून हे उद्योग करणारा माणूस होता नेव्हिल मॅस्केलिन, व्यवसायाने जादूगार आणि स्वतः बिनतारीचा अभ्यासक. फ्लेमिंग यांनी संतापून ‘टाइम्स’ला पत्र लिहिलं. मॅस्केलिननेही उघडपणे उत्तर दिलं की, दावा खोटा आहे हे लोकांसमोर यावं म्हणूनच आपण हे केलं.

मी हा प्रसंग सांगतो आहे, कारण त्यात दोन वेगळे प्रश्न एकत्र आले आहेत. पहिला प्रश्न : मी जे बोलतो आहे ते तिसरा कोणी ऐकत तर नाही ना? दुसरा : माझ्याशी जो बोलतो आहे तो खरोखर तोच आहे ना? त्या सभागृहातल्या यंत्राला पोल्डूहून आलेली लहर आणि पलीकडच्या गल्लीतून आलेली लहर यांत फरकच करता आला नव्हता. आपल्या घरातल्या राउटरच्या सेटिंगच्या पानावर सुरक्षेचे जे पर्याय दिसतात, ते याच दोन प्रश्नांना दिलेली उत्तरं आहेत. गुप्ततेच्या प्रश्नाचं उत्तर तंत्रज्ञांनी बऱ्याच धडपडीनंतर चांगलं शोधलं. ओळखीच्या प्रश्नाकडे मात्र आपण, विशेषतः आपल्या देशात, एकाच बाजूने पाहिलं. माझं आजचं म्हणणं त्याविषयी आहे.

एकाच बाजूने का पाहिलं, हे समजायला २००८ सालात जावं लागतं. २६ जुलैला अहमदाबादेत साखळी बॉम्बस्फोट झाले आणि पन्नासहून अधिक माणसं मेली. स्फोटांच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना ‘इंडियन मुजाहिदीन’च्या नावाने एक ईमेल गेला होता. पोलिसांनी त्याचा माग काढला, तो नवी मुंबईत सानपाड्याच्या एका फ्लॅटपर्यंत पोचला. तिथे एक अमेरिकन नागरिक भाड्याने राहत होता. त्याच्या वायफायला धड संरक्षण नव्हतं आणि ते वापरून कोणीतरी ईमेल पाठवला होता. त्या गृहस्थाचा कटाशी काही संबंध नव्हता हे पुढे स्पष्ट झालं, पण तोवर त्याच्या घराची झडती झाली होती, संगणक जप्त झाला होता आणि त्याचं नाव देशभरच्या वर्तमानपत्रांत छापून आलं होतं. ऑगस्टमध्ये पुढचा ईमेल माटुंग्याच्या खालसा कॉलेजच्या वायफायवरून गेला. १३ सप्टेंबरला, दिल्लीच्या स्फोटांच्या वेळी, चेंबूरच्या एका खासगी कंपनीच्या वायफायवरून. ऑक्टोबरमध्ये मुंबई गुन्हे शाखेने या ईमेलच्या प्रकरणात ज्यांना अटक केली, त्यांच्यात पुण्यात राहणारे, संगणक क्षेत्रात नोकरी करणारे तरुण होते. आपल्या शहराला त्या बातमीने हादरा बसला होता. सभागृहातल्या अनेकांना तो आठवत असेल.

जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांची पथकं लॅपटॉप घेऊन रस्त्यारस्त्यांतून फिरू लागली. उघडं वायफाय सापडलं की मालकाला समज द्यायची. २३ फेब्रुवारी २००९ ला केंद्राच्या दूरसंचार विभागाने इंटरनेट कंपन्यांना आदेश काढला : सार्वजनिक ठिकाणी वायफाय द्यायचं, तर वापरणाऱ्याची ओळख पटवल्याशिवाय देऊ नये. एक तर फोटो असलेल्या ओळखपत्राची प्रत घ्यावी आणि ती वर्षभर जपून ठेवावी, नाहीतर मोबाइलवर एसएमएसने लॉगिन पाठवावं. स्टेशनवर, विमानतळावर, हॉटेलात आपण नंबर टाकतो आणि ओटीपीची वाट पाहतो, त्याचं मूळ या आदेशात आहे. पुणे स्टेशनवर २०१६ साली रेलटेल आणि गुगलचं वायफाय आलं ते याच पद्धतीने. २०१८ साली स्मार्ट सिटी योजनेत शहरात दीडशेहून अधिक जागी गुगलचं वायफाय बसलं, तेही याच पद्धतीने.

हा आदेश चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. माणसं मेली होती आणि तपासाला धागा हवा होता. पण त्याने नेमकं काय साधलं ते नीट पाहू या. ओटीपीमुळे नेटवर्क तुम्हाला ओळखतं. तुम्ही नेटवर्कला ओळखत नाही. ओटीपी टाकून झाल्यावर तुमचा फोन आणि खांबावरचा डबा यांच्यातला हवेतला प्रवास पूर्वीसारखाच उघडा राहतो, कारण अशी बहुतेक नेटवर्कं तांत्रिक भाषेत ‘ओपन’ असतात. त्यांच्यावर लहरींच्या पातळीवर कसलंही कूटलेखन (एन्क्रिप्शन) नसतं. सामान्य माणसाला वाटतं, एवढे सोपस्कार झाले म्हणजे जोडणी सुरक्षित असणार. झालेलं असतं इतकंच की त्याचा नंबर एका नोंदवहीत चढलेला असतो.

आणि ते नेटवर्क स्टेशनचंच आहे हे तरी कशावरून? वायफायचं नाव कोणालाही कोणतंही देता येतं. पाठीवरच्या सॅकमध्ये मावणारं एक स्वस्त यंत्र घेऊन, स्टेशनच्या नेटवर्कचंच नाव लावून फलाटावर बसणाऱ्याला कोणी हटकत नाही. फोन ओळखीचं नाव पाहतो आणि आपणहून जोडला जातो. मग समोर हुबेहूब तसंच पान येतं, नंबर मागतं, ओटीपी मागतं आणि जमलं तर ईमेलचा पासवर्डही मागतं. बँकांची ॲप आणि बहुतेक संकेतस्थळं आता एचटीटीपीएसने आपापलं कूटलेखन करतात, त्यामुळे पूर्वीइतका धोका नाही हे मी आवर्जून सांगतो. घाबरवणं हा माझा हेतू नाही. पण ते बनावट पान भरणाऱ्याला एचटीटीपीएस वाचवू शकत नाही, कारण तो स्वतःच्या हाताने माहिती देत असतो. मॅस्केलिनने १९०३ साली दाखवलेली गोष्ट आणि ही गोष्ट एकच आहे.

आता घराजवळ येतो. सदाशिव पेठ, नारायण पेठ, नवी पेठ इथल्या अभ्यासिका तुम्ही पाहिल्या आहेत. बीड, लातूर, परभणी, नंदुरबारहून आलेली मुलं तिथे दिवसाचे बारा-बारा तास बसतात. स्पर्धा परीक्षेचे अर्ज तिथूनच भरतात, शुल्क तिथूनच भरतात, प्रमाणपत्रं तिथूनच अपलोड करतात. अभ्यासिकेच्या भिंतीवर टाचणीने लावलेला कागद असतो, त्यावर वायफायचा पासवर्ड. तो पासवर्ड वाड्याच्या दिंडी दरवाजाच्या किल्लीसारखा असतो. भाडेकरू येतात, जातात, प्रत्येकाकडे किल्लीची नक्कल राहते आणि कुलूप मात्र कोणी बदलत नाही.

या किल्लीचा आणखी एक दोष फारसा कोणाला ठाऊक नसतो. डब्ल्यूपीए-२ च्या नेहमीच्या पद्धतीत सगळ्यांचा पासवर्ड एकच असेल, तर तो माहीत असलेल्या माणसाला, तुमचा फोन जोडला जात असतानाची पहिली देवाणघेवाण टिपून, पुढचं तुमचं हवेतलं कूटलेखन उकलता येतं. म्हणजे बाहेरच्यापासून संरक्षण आहे, शेजारच्या खुर्चीपासून नाही. आणि उद्या त्या वायफायवरून कोणी धमकीचा ईमेल पाठवला, तर पोलीस कोणाच्या दारात येतील? जोडणी ज्याच्या नावावर आहे त्याच्या. अभ्यासिका चालवणारे गृहस्थ त्यांना काय सांगणार? त्यांच्या राउटरच्या यादीत फोनांचे यंत्रक्रमांक (मोबाइल नंबर नव्हेत) दिसतील आणि आजचे फोन ते क्रमांकही नेटवर्कागणिक बदलतात. सानपाड्याच्या त्या भाडेकरूची गत इथल्या कोणाचीही होऊ शकते. दवाखाने, क्लासेस, सोसायटीची ऑफिसं, मंगल कार्यालयं, सगळीकडे हीच स्थिती आहे. गेली अनेक वर्षं मी अशा जागांना सल्ला देत आलो आहे. पासवर्ड काय आहे ते लगेच सांगतात. तो कोणाकोणाकडे आहे, याचं उत्तर मला क्वचितच मिळालं आहे.

सेटिंगच्या पानाकडे वळू. तिथे जी आद्याक्षरांची रांग असते तो एक इतिहास आहे आणि तो माहीत असला तर निवड सोपी होते. १९९० च्या दशकाअखेरीस डब्ल्यूईपी आलं. तारेइतकी गुप्तता द्यायची, ही त्यामागची आकांक्षा होती. २००१ साली फ्लुरर, मँटिन आणि शमीर या तिघांनी त्यातल्या कूटपद्धतीचा दुबळेपणा दाखवला. २००७ साली जर्मनीतल्या डार्मश्टाटच्या संशोधकांनी ते एका मिनिटाच्या आत फोडता येतं हे सिद्ध केलं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या टीजेएक्स या दुकानांच्या साखळीतून साडेचार कोटींहून अधिक कार्डांचे तपशील चोरीला गेल्याचं उघड झालं. चोर शिरले होते ते दुकानाच्या वायफायमधून आणि तिथलं संरक्षण डब्ल्यूईपीचं होतं. मधल्या काळात, २००३ साली, डब्ल्यूपीए आलं होतं, पण ते जुन्या यंत्रांवरच बसवलेलं ठिगळ होतं. त्यातली टीकेआयपी पद्धत आज टाकाऊ आहे. २००४ चं डब्ल्यूपीए-२ एईएस पद्धतीसह अजून टिकून आहे. २०१७ साली बेल्जियमच्या मॅथी व्हानहूफ यांनी त्यातली एक मोठी फट दाखवली, पण ती सॉफ्टवेअरच्या अद्ययावतीकरणाने बुजवता आली. २०१८ साली डब्ल्यूपीए-३ आलं. तुमच्या राउटरवर हा पर्याय असेल तर तो घ्या. घरातले जुने फोन किंवा प्रिंटर अडत असतील तर डब्ल्यूपीए-२ आणि डब्ल्यूपीए-३ यांचा मिश्र पर्याय घ्या. तोही नसेल तर डब्ल्यूपीए-२ आणि एईएस. टीकेआयपीचा उल्लेख असलेला कोणताही पर्याय घेऊ नका.

डब्ल्यूपीए-३ मला महत्त्वाचं वाटतं ते अभ्यासिकेसारख्या जागांसाठी. त्यात पासवर्ड सगळ्यांचा एकच असला तरी प्रत्येक जोडणीची चावी निराळी बनते आणि पासवर्ड ठाऊक असलेल्यालाही शेजाऱ्याचं बोलणं नुसतं टिपून उकलता येत नाही. शिवाय पहिली देवाणघेवाण टिपून घरी न्यायची आणि सावकाश पासवर्डचे अंदाज करत बसायचं, हा मार्गही त्यात बंद झाला आहे. डब्ल्यूपीए-२ मध्ये तो उघडा आहे, म्हणून तिथे पासवर्ड कसा निवडता यावर सगळं अवलंबून राहतं.

आणि इथे आपली सवय घातक आहे. पुण्यातल्या किती दुकानांचा आणि घरांचा वायफाय पासवर्ड म्हणजे मालकाचा दहा आकडी मोबाइल नंबर असतो! भारतातला मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतो. म्हणजे शक्यता झाल्या चारशे कोटी. ऐकायला हा आकडा प्रचंड वाटतो. पण खेळांसाठी मिळणारं एक चांगलं ग्राफिक कार्ड सेकंदाला दहा लाखांहून अधिक अंदाज तपासतं. चारशे कोटी शक्यता संपायला त्याला तासाभराच्या आसपास वेळ लागतो. नंबर दुकानाच्या पाटीवरच लिहिलेला असेल तर तेवढाही नाही. आठ आकडी जन्मतारीख त्याहून वाईट, कारण शंभर वर्षांत दिवस असतातच साडेछत्तीस हजार.

त्याऐवजी एकमेकांशी संबंध नसलेले पाच साधे मराठी शब्द रोमन लिपीत सलग लिहा. कंदील, साबुदाणा, तिकीट, पायरी, ढग, असे कोणतेही. मी आत्ता म्हटलेले मात्र नकोत. पाच हजार शब्दांच्या यादीतून चिठ्ठ्या टाकून पाच शब्द काढले, तर त्याच कार्डाला सगळ्या शक्यता तपासायला सुमारे एक लाख वर्षं लागतील. असा पासवर्ड आजीला फोनवर सांगता येतो, पाहुण्याच्या लक्षात राहतो आणि फुटत नाही. म्हण, अभंगाची ओळ, गाण्याचा मुखडा घेऊ नये, कारण असे शब्द एकत्र येतात हे आधीपासून सगळ्यांना माहीत असतं.

राउटरवरची डब्ल्यूपीएस नावाची सोय बंद करून टाका. पासवर्ड न टाकता आठ आकडी पिनने जोडणी व्हावी, ही त्यामागची कल्पना होती. पण पिनचा शेवटचा आकडा आधीच्या सात आकड्यांवरून ठरतो आणि राउटर पिनचे दोन तुकडे वेगवेगळे तपासतो. त्यामुळे दहा कोटी शक्यतांच्या जागी उरतात फक्त अकरा हजार. ऑस्ट्रियाच्या श्टेफान व्हीबॉक यांनी २०११ च्या डिसेंबरमध्ये हे दाखवून दिलं. नेटवर्कचं नाव लपवणं आणि ठरावीक यंत्रांनाच प्रवेश देणं, हे दोन उपाय लोक फार विश्वासाने करतात. त्यांचा उपयोग जवळजवळ नाही, कारण दोन्ही गोष्टी हवेतून उघड वाचता येतात. ‘माझी लहर जुळवलेली आहे’ हा मार्कोनीचाच भरवसा तो. राउटरच्या स्वतःच्या पानाचा पासवर्ड मात्र आजच बदला. ते पान ज्याच्या हाती पडलं तो तुमच्या घरातला सगळा इंटरनेट प्रवास भलत्या रस्त्याला लावू शकतो.

हे झालं घरापुरतं. जिथे पन्नास-शंभर माणसं रोज येतात-जातात, तिथे एका पासवर्डने भागत नाही. तिथे प्रत्येकाला स्वतःचं नाव आणि स्वतःची चावी हवी. ही पद्धत गेल्या वीसेक वर्षांपासून उपलब्ध आहे. ८०२.१एक्स हे तिचं मानक, आणि मागे रेडियस सर्व्हर, जो प्रत्येकाची ओळख तपासतो. राउटरच्या पानावर ‘एंटरप्राइज’ असं लिहिलेलं असतं ते हेच. नाव ऐकून छोट्या संस्था मागे सरतात. पण फ्रीरेडियस हे त्यासाठीचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि जुन्या संगणकावरही चालतं. एक विद्यार्थी अभ्यासिका सोडून गेला की त्याचं एक नाव खोडायचं. बाकी शंभर जणांना काही कळतही नाही.

याचं सुंदर उदाहरण आपल्या गणेशखिंडीत, आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत आहे. एज्युरोम नावाची एक जागतिक व्यवस्था आहे, भारतात ती अर्नेट ही संस्था चालवते. हायडेलबर्गहून आलेला खगोलशास्त्रज्ञ आयुकात पाऊल टाकतो आणि त्याचा लॅपटॉप आपोआप जोडला जातो. त्याची ओळख पटवते ती त्याची स्वतःची संस्था, जर्मनीत बसून. त्याचा पासवर्ड इथल्या यंत्रणेला दिसतही नाही. पुण्याच्या संस्थेला एवढंच कळतं की हा माणूस हायडेलबर्गचा आहे आणि तिथले लोक त्याची हमी देतात.

ही व्यवस्था एका अटीवर उभी आहे आणि तीच आपल्याकडे सर्रास मोडली जाते. पासवर्ड देण्याआधी लॅपटॉपने समोरच्या सर्व्हरचं सर्टिफिकेट तपासलं पाहिजे. म्हणजे इथे नेटवर्कला आपली ओळख पटवून द्यावी लागते, आणि तीही आधी. आपल्या कितीतरी महाविद्यालयांच्या सूचनापत्रकांत काय लिहिलेलं असे? ‘सर्टिफिकेटच्या रकान्यात तपासू नका हा पर्याय निवडा.’ कारण तसं केलं की फोन लगेच जोडला जातो आणि मदतकक्षासमोर रांग लागत नाही. परिणाम असा की, त्याच नावाचं बनावट नेटवर्क घेऊन आवाराबाहेर चहाच्या टपरीवर बसलेल्या माणसालाही ते फोन तितक्याच विश्वासाने आपली माहिती देतात. आणि तो पासवर्ड नुसत्या वायफायचा नसतो. तोच ईमेलचा, गुणपत्रिकेचा, पगाराच्या पावतीचा असतो. अलीकडच्या अँड्रॉइडमधून तो ‘तपासू नका’ पर्याय हद्दपार होत आला आहे याचा मला मनापासून आनंद आहे. संस्थांनी आपली सूचनापत्रकं मात्र पुन्हा वाचायला हवीत.

मग शहराच्या वायफायचं काय? नागरिकाची ओळख सरकारला हवी, हे मान्य केलं तरी नागरिकालाही काही मिळायला हवं आणि त्यासाठीचं तंत्र तयार आहे. पासपॉइंट नावाची पद्धत २०१२ पासून बाजारात आहे. एकदाच नोंदणी करायची, ओटीपी घालायचा तो तेव्हाच. फोनमध्ये एक ओळखपत्र उतरतं. पुढे प्रत्येक चौकात फोन आधी नेटवर्कचं सर्टिफिकेट तपासतो, मग स्वतःची ओळख देतो आणि हवेतला प्रवास कूटबद्ध होतो. २००९ च्या आदेशामागचा हेतू त्यात पुरेपूर साधतो. आणि ज्यांना नोंदणी जमणार नाही अशांसाठीच्या उघड्या नेटवर्कवरही आता पासवर्डशिवाय कूटलेखन करता येतं. ती सोय डब्ल्यूपीए-३ च्या बरोबरीनेच २०१८ साली आली.

डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने पीएम-वाणी योजना मंजूर केली. किराणा दुकानदार, चहावाला कोणीही तिच्यात सार्वजनिक वायफाय देऊ शकतो. म्हणजे हे डबे वाढतच जाणार आहेत. पुणे महापालिकेत आणि पीएमपी बससेवेच्या कार्यालयात निविदा लिहिणारे अधिकारी या सभागृहात असतील, निदान हा छापील मजकूर त्यांच्यापर्यंत पोचेल. वायफायच्या पुढच्या निविदेत वेग आणि ठिकाणांची संख्या यांच्या जोडीला तीन कलमं घाला, अशी माझी त्यांना विनंती आहे. हवेतली जोडणी कूटबद्ध असावी. नेटवर्कने आपली ओळख सर्टिफिकेटने द्यावी आणि ती तपासणं नागरिकाच्या फोनवर मुळातच चालू असावं. आणि नोंदवलेले मोबाइल नंबर कोण पाहू शकतं, किती दिवसांनी पुसले जातात, हे त्याच पहिल्या पानावर मराठीत, ओटीपीचा रकाना येण्याआधी लिहिलेलं असावं.